दहातला एक

केदारखेडा,
रविवार

तीर्थरूप दाजी यांस, भारतचा सविनय जय भीम.

आपली आणि ताईची तब्येत ठणठणीत असेल, घनसावंगीकडचा ऊस तोडून झाला असेल, असं धरून चालतो. मी खुशाल आहे. हे मी तीन आठवडे गावाला सांगतोय, पण गावाला ते पटत नाही.

डोकं दुखायचं म्हणून जालन्याला एमआरआय केला. त्यात निघालं की मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर चार मिलिमीटरची गाठ आहे. डॉक्टरांनी तो रिपोर्ट किराण्याची यादी वाचावी तसा वाचला आणि म्हणाले, सर, अशी बारीक गाठ तपासलं तर दहातल्या एकाला सापडते, बहुतेकांना जन्मभर पत्ताही नसतो, त्रास हजारात एखाद्याला. तुमचं रक्त चांगलं आहे, वर्षाने पुन्हा पाहू, आणि डोकं दुखतंय ते चष्म्याच्या नंबरामुळे. (एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि शेवटी चष्म्याने दगा दिला.)

चूक माझी एकच. येताना जीपमधून घरी फोन लावला आणि ‘डोक्यात गाठ निघाली’ एवढं बोलेपर्यंत रेंज गेली. उरलेलं वाक्य जीपमधल्या चौदा जणांनी आपापल्या परीने पूर्ण केलं. त्यातले सहा राजूरला उतरले, म्हणजे तिकडचीही सोय झाली. मी घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग आणि आत बाया डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मग आठवडाभर भेटायला येणाऱ्यांची रीघ. केळी इतकी आली की शेवटी शेजारच्या म्हशीनेही तोंड फिरवलं. ज्याला स्वतःच्या पाठीवरचं गळू तीन महिने आवरलं नाही, त्याने मला मेंदूच्या गाठीवर बिब्बा सुचवला. दहातला एक हा आकडा मी प्रत्येकाला सांगितला. प्रत्येकाने मान हलवली आणि बाहेर जाऊन ‘सर भ्रमिष्टासारखं बोलून राह्यले’ असं सांगितलं.

खरा घात पुढे आहे. आमच्या अक्षतासाठी आपण जुळवलेलं तातेरावांच्या मुलाचं स्थळ. तातेराव साखरपुड्याची तारीख काढायला स्वतःसकट अकरा माणसांनिशी आले आणि पोह्यांची दुसरी बशी हातात घेऊन विचारते झाले, “सर, हे रक्तातून उतरतं का? आमच्या खानदानात असलं बिलकुल न्हाई!” बहुधा उतरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेवढंच बोललो असतो तर भागलं असतं. पण मी वर्गात उभा राहतो तसा उभा राहिलो, बोटाने एकेकाला मोजलं आणि म्हटलं, अकरा जण आहात, हिशेबाने तुमच्यातही एक आहेच, कोण ते हात वर करा. एकाने टोपी काढून डोकं चाचपलं. मुलाच्या काकांनी चहा तसाच ठेवला. तारीख न काढता सगळे निघून गेले. असल्या अडाण्यांशी सोयरीक झाली नाही तेच बरं, असं मी मोठ्याने म्हणालो. अक्षता बशा उचलत राहिली.

त्यांच्यापुढे मी मान तुकवणार नाही, हे पक्कं. ताईला जय भीम सांगावा.

आपला,
भारत

ता. क. – मान तुकवणार नाही हे पेनाने लिहिलं म्हणून खोडत नाही. दाजी, उद्याच तातेरावांकडे जा आणि भारत चुकला म्हणून सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मुलगा चांगला आहे आणि पोरीच्या मनात भरलाय. ती माणसं उठली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. गाठ निघाली तेव्हाही मी एवढा भ्यालो नव्हतो.

आणखी एक – हे पत्र अक्षताने वाचलं. म्हणाली, “पप्पा, खोलीत तुम्हाला धरून बारा माणसं व्हती. एक तर सापडलेलाच व्हता. मंग बाकीच्यांत कशाला शोधून राह्यलात?” मोजताना स्वतःला विसरू नका, हे मी पोरांना एकतीस वर्षं बजावत आलो. तेव्हा तातेरावांना एवढंही सांगा, की हिशेब पुन्हा तपासला. दहातला एक आमच्याच घरात निघाला, त्यांचे अकराच्या अकरा सुटले.