मी एकदम फिट!

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी हल्ली जपून वापरते. व्यायामाच्या वर्गात आठही अंगं खरोखरच जमिनीला टेकतात, आणि ती परत उचलायची वेळ आली की तोंडातून जे शब्द निघतात ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखे नसतात.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी कशी आहे? तिचा मिक्सर कसा आहे? मिक्सरची चौकशी मुद्दाम केली आहे, कारण पुढे कळेलच. माझी तब्येत उत्तम.

तुझं पत्र पोचलं. 'व्यायाम बस झाला. रविवारी येतो. सामान बांधून ठेव.' संपलं! जन्मभर शाळेत मुलांकडून पानपानभर निबंध लिहून घेतलेस आणि सख्ख्या बहिणीच्या वाट्याला तीन वाक्यं? सही तर अशी ठोकली आहेस की कागद फाटलाय. म्हणजे दुकान बंद, शिलाई मशीन विकायचं आणि मी तुमच्या मागच्या खोलीत. तिथल्या पलंगाच्या कोपऱ्यांना तू आधीच फोम गुंडाळून ठेवला आहेस, हे वहिनीनं फोनवर सांगून टाकलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

पण दादा, त्या दिवशी नक्की काय झालं ते तू अजून ऐकूनच घेतलेलं नाहीस. सगळा घोळ एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द आपल्या घरात कोणी कधी तोंडातून काढला नाही. मला लहानपणापासून फिट येतात. पण आई म्हणायची, 'हिला ते झालं.' बाबा म्हणायचे, 'परत ते का?' मी दुकान काढलं तेव्हा रंगाऱ्यानं पाटीवर मोठ्या झोकात 'फिटिंगची हमी' असं लिहिलं होतं. तू ते पाहिलंस आणि रंग ओला असतानाच खिशातल्या रुमालानं पुसून काढलंस. तेव्हापासून पाटीवर 'येथे मापाचे कपडे शिवून मिळतील' एवढंच आहे आणि त्याखाली एक निळसर ढग आहे. (गिऱ्हाइकं विचारतात, हा ढग कशाचा? मी सांगते, रेनकोटही शिवते.)

अशा घरातली मी, आणि या वर्गाच्या दारावर हे भलंमोठं 'चला, फिट होऊ या!' पहिल्या दिवशी ते वाचून मी उंबरठ्यावरूनच मागे फिरले होते. वर्ग लाँड्रीमागच्या हॉलमध्ये भरतो, त्यामुळे सगळ्या व्यायामाला इस्त्रीच्या वाफेचा वास असतो. शिकवणाऱ्या बाई आमच्यासारख्यांना व्यायाम द्यायचंच शिक्षण घेऊन आल्या आहेत. तुला वाटतं तसं तिथे शिट्ट्या फुंकून पळवत नाहीत. बाईंनी आधी माझ्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. गोळ्या कोणत्या, झोप कशी, फिट येण्याआधी काय जाणवतं, सगळं विचारलं. (जिभेवर तांब्याची चव येते. तुला हे माहीत नाही, कारण 'ते' म्हटल्यावर त्याची चव कोण विचारणार?) मग त्यांनी माझ्या मापाचा व्यायाम बेतला. उंचावर चढणं नाही, जीव जाईस्तोवर दमणं नाही. तोल, पाठ, पाय आणि श्वास. मला हे ताबडतोब पटलं. तयार कपडा आणि बेतून शिवलेला कपडा यांतला फरक मला कोणी सांगायला नको.

फिट बंद झाल्या असं मी म्हणत नाही. गोळ्याही चालूच आहेत. पण झोप गाढ लागते, जिना उतरताना भिंत चाचपत नाही, आणि 'आज येईल का?' ही रोज सकाळची भीती हल्ली चहाला उकळी फुटेपर्यंतही टिकत नाही. माझ्या शेजारच्या चटईवर घड्याळजी असतात. ते चाकांच्या खुर्चीत बसून घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी खांदे असे कमावलेत की खुर्चीतून चटईवर आणि चटईवरून खुर्चीत आपले आपण ये-जा करतात. मदतीला हात पुढे केला की मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणतात, आत्ता दुरुस्ती नाही, दुकान बंद आहे.

तर त्या दिवशी बाईंनी माझा तोल तपासला आणि म्हणाल्या, तुम्ही आता एकदम फिट! मला इतका आनंद झाला की तुला कळवल्याशिवाय राहवेना. मी लगेच फोन लावला. तो वहिनीनं उचलला, आणि तिचा मिक्सर चालू. मी ओरडले, 'दादाला सांग, मी एकदम फिट! बाई इथेच आहेत! आता जमिनीवर आडवी होणार आहे!' (वर्गाच्या शेवटी आम्ही सगळे डोळे मिटून आडवे पडतो.) यातलं मिक्सरनं काय काय दळलं देव जाणे, तुझ्यापर्यंत 'एकदम फिट', 'बाई' आणि 'जमिनीवर आडवी' एवढंच पोचलं. नंतर तू फोनवर फोन केलेस. पण आडवं पडताना सगळ्यांचे फोन बाईंच्या टोपलीत जातात. मग तू माझ्या दुकानाशेजारच्या बेकरीवाल्यांना पिटाळलंस.

बेकरीवाले आले ते नखशिखान्त मैद्यात आणि हातात लाकडी उलथनं. (दातांमध्ये धरायला! हा सल्ला तुझाच.) त्यांनी धाडकन दार उघडलं आणि पाहिलं तर आख्खा वर्ग डोळे मिटून जमिनीवर पसरलेला. ते दारातच किंचाळले, 'अरे देवा! सगळ्यांना एकदम?' एवढ्या गर्दीत सुरुवात कुठून करावी हे त्यांना समजेना. मग दाराजवळ जो सापडला त्याचाच जबडा त्यांनी धरला. ते घड्याळजी होते. दादा, ते कमावलेले खांदे तुला आठवत असतीलच. उलथन्याचा एक तुकडा बाईंनी आठवण म्हणून खिडकीत ठेवलाय.

बाईंनी बेकरीवाल्यांना आधी पाणी पाजलं आणि मग शिकवलं. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, माणसाला कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स. सरावासाठी बेकरीवालेच आडवे झाले. त्यांना कुशीवर वळवायला आम्ही तिघं लागलो, कारण मैद्याचं पोतं निदान मध्येच हसत तरी नाही. आता ते दर वेळी येतात. सांगताना सांगतात की माझ्यावर लक्ष ठेवायला येतो, पण त्यांचा पट्टा दोन भोकं आत गेलाय.

वहिनीला नमस्कार. मिक्सरला काही नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. सामान बांधलेलं नाही.

आणखी ता. क. वर 'तब्येत उत्तम' लिहिलंय ते खरंच आहे, पण पुढचंही खरं आहे. परवा वर्गात मला फिट आली. खरीखुरी. बेकरीवाल्यांनी एप्रन गुंडाळून डोक्याखाली दिला (केसांतून अजून मैदा निघतोय), बाईंनी कुशीवर वळवलं आणि घड्याळजी घड्याळ बघत बसले. मी डोळे उघडले तेव्हा माझ्याभोवती कोणी रडत नव्हतं. दादा, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मग बाई मला घरी सोडून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं.

शेवटचं ता. क. तेव्हा रविवारी तू ये, नक्की ये. पण मला न्यायला नको. डॉक्टरांनी हो म्हटलंय आणि बाई मला तलावात उतरवणार आहेत. पाणी छातीपर्यंत, बाई शेजारी, काठावर जीवरक्षक. आणि घरचं कोणीतरी सोबत पाण्यात हवं आहे. तुला पोहता येत नाही हे मला माहीत आहे. का येत नाही, तेही माहीत आहे. मला पाण्यात सोडत नव्हते, म्हणून सगळी मुलं आत असताना तू माझ्याजवळ काठावर बसून राहायचास. खूप बसलास रे. आता दोघं मिळून शिकू. तलावात टोपी सक्तीची आहे, टक्कल असलं तरी. तुझी मी शिवून ठेवली आहे. फिटिंगची हमी.