पाणी उचलतं तेवढंच

बाई, आज पोहण्याच्या टँकवर कुणी नाही. पंप बिघडला आहे, पाणी हिरवट झालं आहे आणि दुरुस्तीवाला आल्याशिवाय पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग भरणार नाही. काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आताच्या वर्गातल्या एकीनेही तुम्हाला पाहिलेलं नाही. या बायका सकाळी येतात, छातीइतक्या पाण्यात उभ्या राहून गुडघे उचलतात, हातांनी पाणी ढकलतात आणि सुनांची उणीदुणी काढतात. एमआयडीसीकडून वारा आला की नाकं मुरडतात. सगळं तुमच्या वेळेसारखंच. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि भांडायला तुम्ही नाही.

तुमच्या हाताखाली मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. खुब्याचं हाड मोडलेले एक निवृत्त गृहस्थ यायचे. एक दिवस ते कुणाचाही हात न धरता टँकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "त्यांना वर काढ आणि मग वाजव." ते पायऱ्यांवर आले, पाणी कमरेखाली ओसरलं आणि दुसऱ्याच पायरीवर त्यांचे गुडघे दुमडले. मी धावले. तुम्ही जागच्या हलला नाहीत. नंतर चहा पिताना म्हणालात, "पाणी माणसाला उचलतं. बरं करतंच असं नाही. हे पहिल्या दिवशी सांगायचं आणि तो विसरला तर पुन्हा सांगायचं. खोटी आशा देणारी मास्तरीण मला नको." तेव्हापासून मी प्रत्येकाला ते सांगत आले.

यंदा थंडीत तारापूरकडच्या एका मच्छीमार गावातून एक तांडेल आले. आयुष्यभर स्वतःच्या बोटीचं सुकाणू धरलेला माणूस, आणि आता पायांतलं बळ जात चाललेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला होता, वाढतच जाणारा. पाण्यातल्या व्यायामाने सांधे आखडायचे थांबतील, छाती मोकळी राहील, त्यापलीकडे काही नाही, असं त्यांनी तांडेलांना, त्यांच्या बायकोला आणि मलाही स्पष्ट सांगितलं होतं. मीही पहिल्या दिवशी तुमचं वाक्य म्हटलं. त्यांच्या बायकोने मान डोलावली, जशी आपण बसमधल्या सूचनांना डोलावतो.

त्यांच्या पुतण्याने आणि टँकच्या वॉचमनने त्यांना उचलून पाण्यात उतरवलं. उतरल्याबरोबर ते तिरके उभे राहिले, डावा खांदा पुढे, पायाची बोटं खाली घट्ट रोवलेली. समुद्रात लाट अशीच अंगावर घेतात. इथे वाळू नव्हती, लाट नव्हती. गुळगुळीत फरशीवरून पाय सटकला आणि ते पाण्याखाली गेले. मी काखेत हात घालून वर काढलं तर खोकत खोकत मलाच ओरडले, "पाय रोवला नाय तर पानी मानसाला ठेवतं काय, मास्तरीण?"

"काका, इथे लाट नाही. बोटं सैल सोडा."

"लाट नाय तं पानी कसलं? ह्ये पिंपातलं हाय!" वर्गातल्या बायका हसल्या, तेही हसले.

बोटं सैल सोडायला त्यांना कितीतरी दिवस लागले. मग ते चालायला लागले. काठावरच्या बाकावर त्यांची बायको असे, मासळीची पाटी बाजूला ठेवून. ती उठून उभी राहिली. "चालला! बगा गं, माजा तांडेल चालला!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

पाण्यात ते चालत होते आणि जमिनीवर दर महिन्याला खचत होते. आधी हातातला पेला सुटायला लागला, मग मान कलायला लागली. नारळी पुनव जवळ आली. तिचा धाकटा दीर बोट न्यायला तयार होता, पण ती ऐकेना. "पुनवेला त्यो सोता नारल सोडनार. सुकानू त्याचंच." तांडेल कोण ते ठरेना म्हणून खलाशी दुसऱ्या बोटींवर जायला निघाले होते. बोट हंगामभर वाळूवर राहिली असती तर ते घर बसलं असतं. म्हणून कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी तिला गाठलं आणि पुन्हा सांगितलं, या वेळी आडपडदा न ठेवता: काका जमिनीवर चालणार नाहीत.

"मंग पान्यात चालतो त्यो कोन?" तिने विचारलं.

"काकाच चालतात, मावशी. पण पाणी त्यांना उचलतं."

तिने पाटी डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी ती दोघं आली नाहीत. त्यानंतर कधीच नाही. पुनवेला दिराने बोट नेली, खलाशी टिकले, घर तरलं. तुमचं बरोबर होतं, बाई. पण तो माणूस सकाळी अर्धा तास स्वतःच्या पायांवर उभा असायचा, आणि त्या अर्ध्या तासाला तुमच्या वाक्यात जागा नव्हती.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. बाहेर बोंबील वाळत होते, ते पडवीत खाटेवर होते. पाय गुडघ्यात आखडलेले, डॉक्टर म्हणाले होते तसेच. तिने चहा दिला. रागावलेली नव्हती. मी म्हटलं, रिक्षा मी पाठवते, पुन्हा आणा, आखडलेले पाय थोडे सुटतील, श्वासाला बरं पडेल. ती म्हणाली, "उगा मानसाचे हाल. दोघांनी उचलायचा, भिजवायचा, परत आनून टाकायचा. चालनार हाय का? नाय ना? तूच बोललीस." कप घेऊन ती आत गेली.

मग ते हळूच म्हणाले, "मास्तरीण, उजवा अंगठा बग. सकालपासनं हलतोय." मी खाली बसून पाऊल हातात घेतलं. थंड होतं. ते पावलाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हलला काय?"

"हो, काका. हलला."

आत भांड्यांचा आवाज थांबला. तिने ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही. बाई, अंगठा हलला नव्हता. तुम्ही हयात असतात तर हे मी तुम्हाला कळू दिलं नसतं.