विजेची डॉक्टर

पुणे, ८ फेब्रुवारी २००४

तीर्थरूप बा,

तुमच्या शिलाचा पाया पडून नमस्कार. (विकास, भावा, तुझं पत्र भेटलं. हे बांना मोठ्यानं वाचून दाखव.)

तांड्यावरची डीपी जळाली, सगळ्यांची लाइट गेली, अन् ‘माही पोरगी विजेचीच डॉक्टर होऊन राहिली, ती करंल काहीतरी’ असं तुमी नाईकाच्या ओट्यावर सांगून बसले. बा, काहून असं बोलता? माझी वीज फक्त कॉम्प्युटरात असते. केसाहून हजारपट बारीक तारेतून ती कशी पळंल, याचा मी हिशोब करते. तिच्यावर एक बल्बबी लागत न्हाई.

मागल्या महिन्यात तो हिशोब चुकला, म्हणून पहिल्यापासून मांडून राहिले. सर म्हणतात, डॉक्टर व्हायला अजून एक वर्ष लागंल. तुमी घोर करू नका, जेवण बराबर आहे. याडीचा खोकला थांबला का? तिला चुलीपाशी धुरात बसू देऊ नका.

मोटर बंद, म्हणजे गहू वाळून राहिला असंल. म्हणून संग अर्ज लिहून पाठवते. तांड्यातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या अन् सेनगावच्या वीज बोर्डाच्या साहेबाच्या हातात द्या.

पहिली सही तुमची. अंगठा लावू नका, बा. दिवाळीत मी शिकवली, ती सही करा.

तुमची लेक,
शिला