अंतराच्या खुर्चीवर

वाराणसी

प्रिय वहिनी,

नमस्कार. त्याच्या मागोमाग एक गंभीर फिर्याद दाखल करून घ्या. तुमच्या कन्येनं माझी पेज पळवली आहे. इतकी वर्षं भाताची पेज, वर तूप आणि चिमूटभर मेतकूट, एवढ्या पाठबळावर हा ब्रह्मचारी पाठशाळेत जाऊन पोरांना व्याकरण शिकवत आला. आता पातेल्याला हात लावला की आतून आरोळी येते, "काका, ती एप्रनच्या खळीसाठी आहे!" नर्सिंग कॉलेजातल्या मॅडमना म्हणे चुरगळलेला एप्रन चालत नाही. काका उपाशी गेलेला चालतो. तुम्हीच न्याय करा.

परवा दादाचा फोन आला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एकादशी झाली की दोघं निघतो, अंतराचं सामान बांधून ठेव, अकोल्याचं स्थळ हातचं जाईल, असा हुकूम झाला. चिडला की तो मला 'रत्नाकरशास्त्री' म्हणतो; या खेपेस प्रत्येक वाक्याला म्हणाला. फोनवर मला तो बोलू देत नाही आणि तुमचा फोनही तोच उचलतो. म्हणून हे पत्र तुमच्या नावानं. पत्राला मधेच तोडता येत नाही. वाटलं तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा, शेवटचा भाग सोडून.

दादाचा पूर्वपक्ष असा की, आपल्या घरातल्या मुलीनं परक्यांचं मलमूत्र काढायचं नाही. उत्तरपक्ष ऐका. नागपुरात त्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ-दहा दिवस त्याला कूस बदलून देणारी, पुसून घेणारी, भांडं देणारी ती केरळची मुलगी आठवते? दादा तिला 'बेटी, बेटी' म्हणत होता. कुणाची बेटी, कुठल्या गोत्राची, हे विचारायचं भान त्याला तेव्हा नव्हतं. आपली बेटी उशाशी बसून सगळं पाहत होती. नर्स व्हायचं तिनं तिथंच ठरवलं. म्हणजे दादा जे मोडायला निघाला आहे, त्याचा पाया त्याच्याच खाटेपाशी घातला गेला. बापाच्या वेळी सेवा आणि मुलीच्या वेळी विटाळ, असं वचन मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

तेव्हा अंतराला मी पाठवणार नाही. हे वाक्य मुद्दाम लहान ठेवलं आहे, एकही समास न करता.

आता ती इथे काय करते ते सांगतो, कारण दादानं फीचे पैसे बंद केल्यापासून तुमच्यापर्यंत फक्त 'मी मजेत' एवढंच पोचत असणार. राजा घाटामागच्या गल्लीत, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा जिथे शिंप्याचं दुकान होतं, तिथे आता गेस्ट हाऊस आहे. दुपारपासून रात्री जेवणं होईपर्यंत ती तिथे काउंटर सांभाळते. पूर्ण नोकरी, फुटकळ काम नव्हे. सकाळी कॉलेजचे तास आणि हॉस्पिटलातलं पोस्टिंग. फी माझ्या पगारातून भरतो म्हटलं, तर म्हणाली, "काका, तुमच्या पगारात तुम्हीच कसेबसे मावता." वॉर्डातले ठरलेले तास भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि पोस्टिंग कधी सकाळचं, कधी संध्याकाळचं. संध्याकाळचं आलं की काउंटर मोकळं. मालक विश्वजीतबाबू म्हणाले, खुर्ची रिकामी राहिली तर दुसरी मुलगी बसवीन.

मग मी गेलो. त्यांना म्हटलं, बाबूजी, आमच्या गणपतीच्या देवळात चार घरांच्या पूजेच्या पाळ्या आहेत. ज्याची पाळी असेल त्याला जमलं नाही, तर त्याच घरातला दुसरा उभा राहतो. देव हरकत घेत नाही, आपण का घ्यावी? त्यांनी आधी माझ्या शेंडीकडे पाहिलं. "गुरुजी, आप बैठेंगे? काउंटर पर?" मी बसलो. वहिनी, तुमचा दीर महिनाभर गेस्ट हाऊसच्या काउंटरवर बसला. आंध्रातल्या एका वैदिकांना मी गीझर संस्कृतातून समजावला. त्यांना समजला, मला अजून समजलेला नाही. एका बंगाली कुटुंबाला भरलेल्या खोलीची किल्ली दिली. आत एक गृहस्थ टॉवेलवर होते. कॉम्प्युटरमध्ये काय झालं ते अंतरा दुसऱ्या दिवशी निस्तरत बसली. म्हणाली, "काका, तुम्ही स्वागत करता की शाप देता, गेस्टला कळतच नाही. थोडं स्माइल करा ना!" पण नोकरी टिकली आणि वॉर्डातले तासही भरले. मुन्शी घाटाच्या बाजूला राहणारे आपले जुने यजमान मला तिथे बसलेला पाहून हळहळले, "गुरुजी, ये दिन आ गए?" म्हटलं, आ गए, और बड़े अच्छे आए हैं. त्यांनी सत्यनारायण दुसऱ्याकडून करून घेतला. करू देत.

या महिन्यात रात्रीचं पोस्टिंग लागलं आहे. रात्रभर वॉर्ड, सकाळी कॉलेज, दुपारी काउंटर. आता पोस्टिंग आणि नोकरीच्या वेळा आपसात आदळत नाहीत, म्हणून मालक तिच्या जागी मला बसू देत नाहीत. "ड्यूटी के लिए ठीक था गुरुजी, सोने के लिए नहीं." ती झोपते कधी, याचं उत्तर मला तरी मिळालेलं नाही. रिक्षात झोपते. एकदा जेवताना हातात घास धरून झोपली. मी काही बोललो की, "टेन्शन मत लो काका, मी मॅनेज करते." तुमची मुलगी आता निम्मं हिंदीत बोलते, आणि खोटं बोलायचं असलं की पूर्ण हिंदीत.

आता शेवटचा भाग. हा दादाला वाचून दाखवू नका.

गेल्या आठवड्यात ती सकाळी कॉलेजला न जाता घरी आली, नीट जेवली, ताट घासून ठेवलं आणि मग माझ्यासमोर येऊन बसली. पहाटे वॉर्डात इंजेक्शन भरून ती भलत्याच खाटेपाशी गेली होती. हात पुसून सुई टोचणार, एवढ्यात त्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बिटिया, हमको तो डाक्टर ने सुई मना की है." सिस्टर धावल्या. काही झालं नाही. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. अंतराला बाजूला बसवून त्यांनी पाणी दिलं. मला हे सांगताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, मी कॉलेज सोडते."

म्हणून हे पत्र. दादा येतो आहे, येऊ दे. तुम्ही त्याच्याबरोबर या आणि परत जाऊ नका. अख्खी नोकरी तुम्ही शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर काढलीत. महिनाभर अंतराच्या खुर्चीवर तुम्ही बसा, दुपारी तिला झोपू द्या. विश्वजीतबाबूंना विचारून ठेवलं आहे. म्हणाले, "माताजी आएँ तो महीना भर चलेगा, बस आप मत बैठिए." दादाचा जो काही राग निघायचा तो माझ्यावर निघू दे. त्याला एकट्यानं परत जावं लागेल, हे मी स्टेशनवरच त्याला सांगेन.

दादाची मला भीती नाही. लोकांचीही नाही. भीती एकच आहे, वहिनी. ती दमली आहे. सोड म्हणायची माझी इच्छा नाही आणि असंच चालू ठेव म्हणायचं धैर्य आता उरलं नाही. पुढच्या वेळी ती म्हातारी जागी नसली तर? तिच्या हातून एखाद्याचं वाईट झालं, तर आपली पोर त्यातून कधी उठणार नाही. मला रात्री झोप लागत नाही. लवकर या.

तुमचाच धाकटा दीर,
रत्नाकर