डोकं भादरल्यावरचा रविवार

बुधवार, २ ऑगस्ट १९९५, लीड्स

केस गेले! मुळापासून!

आम्ही गॉथ मंडळी — काळे कपडे, रंगवलेले डोळे, उदास गाणी — साखरेच्या पाण्याने केस उभे करतो — स्वस्तात ताठ राहतात. सकाळी तसाच जॅमच्या कारखान्यात गेलो. भर ऑगस्टात! गांधीलमाश्या बरण्या सोडून माझ्या डोक्यावर. कारखान्याची टोपी तर बसेचना. मुकादम ऑक्रॉइडबाई किंचाळली, "ए केरसुणी! केस ठेव नाहीतर नोकरी ठेव!" केस भादरायचं मशीनही तिनेच फिरवलं.

गुरुवार, ३

कातरलेल्या मेंढीसारखा दिसतो. रविवारी पबच्या माडीवर सगळे गॉथ नाचायला जमतात, तिथे कसा जाऊ? न्यूलिन बंदरातून, बापाची मासेमारीची होडी सोडून आलो, त्याला वर्ष झालं. या गावात माझी माणसं म्हणजे तेवढीच. तीही ओळखतात केसांवरून.

शुक्रवार

नाही जाणार.

रविवार, ६

गेलो!

दारातच लुसियन. (खरं नाव नायजेल. टपाल वाटतो.) "काय जवान, वाट चुकलात? कवायत पलीकडे!" सगळे खो खो हसले. कोटांच्या खुंट्यांपाशी जाऊन उभा राहिलो. नव्या पोरांची यंत्रांची गाणी चालली होती — धाड धाड. म्हटलं, हे तर आठवडाभर कारखान्यात ऐकतो. निघावं.

तेवढ्यात एव्हिसने जुनी तबकडी लावली. ती पस्तिशीची, पहिल्यापासूनची, गाणी लावणं तिच्याकडेच. आधी नुसती बेस गिटार, जड, पोटात घुमणारी. मग गाणारा, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. कुणीतरी धूर सोडला. माझे पाय निघालेच! दोन पावलं पुढे, दोन मागे, हात कोळिष्टकं काढल्यासारखे. धुरात कुणाला केस दिसतायत!

"न्यूलिन! तूच ना रे?" एव्हिस ओरडली. (इथे मला गावाच्या नावानेच हाक मारतात.) "तालाच्या इतक्या मागून पाय टाकणारा दुसरा आहे कोण!"

मग सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्ही सुरू केलं तेव्हा याला नावसुद्धा नव्हतं. मी शाळेच्या कोटात नाचायचे. गाणी आधी आली, काळे कपडे मागून. पुढे यंत्रं आली, आम्ही नाकं मुरडली — आता त्यावरही नाचतोच की!"

लुसियन फुरंगटला. "मग मी तासभर डोळे रंगवतो ते कशाला?"

"गोड दिसतोस म्हणून, बाळा!"

तोही हसला. स्वतःचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "घे रे, जवान."

हुश्श! चार दिवस छातीवर बसलेलं उठून गेलं.

गुरुवार, १०

एव्हिसने चहाला बोलावलं. बसली, आणि डोक्यावरचे केस काढून टेबलावर ठेवले. खाली माझ्याहून तुळतुळीत! "दोन वर्षं औषधांनी उगवू दिले नाहीत," म्हणाली. "माडीवर कुणाला कळलं नाही. आज डॉक्टरांनी सोडलं — कॅन्सरची गाठ गेली." मग तो टोप माझ्या डोक्यावर बसवला. "तूच वापर. मला आता नको, माझे उगवतील."