कागदावर नसलेला नवरा

४ ऑक्टोबर १९९९

'कोणी नाही' म्हणाले मी! जीभ कशी झडली नाही माझी!

सरकारी घरांच्या ऑफिसची मुलगी फॉर्म घेऊन दारात. "घरात आणखी कोण राहतं, मिसेस पेटवे?" — आणि मी, "कोणी नाही, एकटीच." सही ठोकून मोकळी. ती गेल्यावर अलोंझो कपाटातून बाहेर आला, गुडघे धरून. सत्तर वर्षांचा नवरा माझा! म्हणाला, "अगं डेल्फीन, आज पकडायला नाही, घरं द्यायला मोजत होते."

वसंतात आमची इमारत पाडणार. यादीत नाव असेल त्यालाच नव्या बैठ्या घरात जागा.

५ ऑक्टोबर

छत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय. त्रेसष्ट साली त्याचं कत्तलखान्यातलं काम सुटलं. घरात धडधाकट पुरुष असला की पोरांची सरकारी मदत बंद. मग मी लिहून दिलं — नवरा सोडून गेला. इमारतभर हेच! तपासणीवाली आली की कोणीतरी पाइप ठोकायचं आणि सगळ्या मजल्यांवरचे नवरे कपाटात. वस्तरा पिठाच्या डब्यात. हसून हसून पोट दुखायचं तेव्हा.

तो नियम पुढे रद्द झाला. कागदावर अलोंझो मात्र परत आलाच नाही. त्याचं नाव परत लावा म्हणून सांगायला जायची भीती वाटायची.

८ ऑक्टोबर

ऑफिसात गेले. नातीच्या वयाची पोरगी. "सही तुमचीच आहे ना? तो इथेच होता म्हणालात, तर इतकी वर्षं खोटं बोललात असं होईल. मग तुमचंही नाव कटेल."

घरी आले. लिफ्ट बंद. अकरा मजले.

१२ ऑक्टोबर

शेजारची मोझेल म्हणते, "चोरून ने की त्याला नव्या घरात! कपाटाची सवय आहेच!" तिघंही हसलो. मग तिनेच सांगितलं — तिथे फाटकावर पहारेकरी, पाहुणा चौदा दिवसांच्या वर नाही.

अलोंझोने बीन्सला हात लावला नाही.

३ नोव्हेंबर

मी म्हटलं, नको मला घर, खरं सांगून टाकते. तो भडकला. "आणि दोघं रस्त्यावर बसू? या थंडीत?" मग शांतपणे म्हणाला, मेम्फिसला चुलतभाऊ आहे, अर्ल. तो ये म्हणतोय. त्याच्याकडे खोली रिकामी आहे. "तू घर घे. उन्हाळ्यात चौदा दिवस येईन तुझ्याकडे, पाहुणा म्हणून!"

लाज वाटते लिहायला, पण मला सुटल्यासारखं वाटलं.

९ नोव्हेंबर

बसवर सोडून आले. एक सुटकेस, डोक्यावर चर्चची हॅट. अर्लचा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला. बस हलली तरी माझ्याकडे बघेना.

२० नोव्हेंबर

दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. रागावला असेल. रागवू दे.

१ डिसेंबर

नव्या घराचं पत्र आलं. एक खोली, मंजूर! रडू आवरेना.

६ डिसेंबर

माझी दोन्ही पत्रं परत आली. पाकिटावर पोस्टाचा शिक्का — पत्त्यावर इमारत नाही. मोझेलने तिच्या मेम्फिसच्या बहिणीला फोन लावला. अर्लची ती वसाहतही सरकारीच. दोन वर्षांपूर्वी पाडली, अर्ल त्याच्या आधीच वारला. अलोंझोला सगळं ठाऊक होतं, मोझेलच्या बहिणीनेच तेव्हा फोनवर सांगितलं होतं त्याला. मला तो कधी बोलला नाही.

मग मी त्याला पाठवलं कुठे?