बदली येईपर्यंत

२ नोव्हेंबर, रविवार

ड्रम वाजवायला जागा मिळाली! नोकरीचं नंतर लिहिते. तीही मिळालीय, पडघा रस्त्यावरच्या गोदामात पॅकिंगची, पण नोकरी काय, कुणालाही मिळते. कल्याणच्या चाळीत मी ड्रमवर टॉवेल टाकून वाजवायचे, तरी खालचे काका काठीने छत ठोकायचे, आणि तेही ठेका सोडून.

इथे पुढच्या घरात केसरीनाथकाका आणि कमळकाकी राहतात, बाजूची खोली माझी, आणि मागे त्यांचा बंद पडलेला लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. जाड भिंती, एकच दार, वर एक झरोका. खोलीच्या भाड्यातच कारखाना वापर म्हणाले. आवाजाचं विचारलं तर काकी हसत सुटल्या. "तुला जा वाजवाचा हाय ता वाजव. आजूबाजूला सगले लूमच हान, तुजा कोन आयकनार हाय?"

तेवीस तारखेला रिया येणार. माझी धाकटी बहीण. पप्पांनी लिहिलेलं भीमगीत ती गाणार, मी वाजवणार. पप्पा गेल्यापासून ते गाणं वहीतच पडून आहे, आणि स्टुडिओ आपल्याला झेपणारा नाही. रियाचा गळा सोन्यासारखा, पण ताल म्हणाल तर आनंदच. तिला टाळ्यासुद्धा धड वाजवता येत नाहीत. म्हणून तर मी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सुट्टी घेऊन स्टुडिओ उभारला. गोदामातून मोडकी लाकडी पॅलेट मागून आणली, त्यांच्याखाली जुने टेनिसचे चेंडू बसवले, वर रबरी चटई घातली. त्यावर ड्रम ठेवले की धक्का जमिनीत उतरत नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचे हे लोकांचं खूळ, त्याने काही होत नाही. त्यापेक्षा इथे कारखान्यांची चिंधी पोत्यांनी मिळते. ती पोती भिंतींना लावून रचली. मोठ्या ड्रमच्या पोटात आईची गोधडी कोंबली. एक माइक डोक्यावर, एक ड्रमपाशी, दोन्ही जुन्या लॅपटॉपला जोडले. टाळी वाजवून पाहिली. आवाज कोरडा, सुरेख. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

कोपऱ्यात एक लूम तेवढा उरलाय. बाकीचे भंगारात गेले, ह्याचे बोल्ट जमिनीतून निघालेच नाहीत. मोटर नाही, पट्टा नाही. त्याच्यावर चादर टाकली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग केलं. माझा ठेका फार छान आलाय, मीच म्हणते. पण मी थांबते तिथे मागे बारीक खटक-खट, खटक-खट ऐकू येतं. शेजारचे लूम असणार. इतकं घोटून केलं आणि आवाज शिरलाच, म्हणून चिडचिड झाली.

मग बाहेर आले तर रस्ता शांत. आज वीज बंद होती, आजूबाजूचे सगळे कारखाने थंड. माझा लॅपटॉप बॅटरीवर होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आवाज आपल्या कोपऱ्यातल्या लूममधूनच येतो. आज गोदामाला सुट्टी होती, दुपारी शोधून काढला. चादर काढून त्याच्या दांड्यावर डावा हात ठेवला तर तळव्याला ठोका लागत होता. जमिनीतून येत असेल. ठोका लागला की ड्रमवाल्याला राहवत नाही. उजव्या हातात काठी होतीच. लूमच्या चौकटीवर तोच ठेका धरला. अगदी एकात एक बसला, आणि तळव्याखालचा ठोका थांबला.

मला वाटलं, माझा ठेका इतका तंतोतंत बसला की मूळचा ऐकूच येईना. खूश होऊन ड्रमवर बसले आणि तोच वाजवत राहिले. जेवायला उठायचं भानच राहिलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. माइक चालूच राहिले होते. मी ठेका धरल्यावर मागचं खटक-खट बंद होतं. मग एक लांब, समाधानाची जांभई येते. पुरुषाची. खांद्यावरचा टॉवेल झटकल्याचा आवाज. चपला फरफटत दाराकडे जातात. कडी उघडते, लागते.

दार दिवसभर माझ्या समोर होतं. ते उघडलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हात थांबत नाहीत. गोदामात खोक्यांवर, डब्यावर, मांडीवर तोच ठेका. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, यहाँ ऑर्केस्ट्रा नहीं है. सगळे हसले, मीही हसले. मग हात जोर लावून मांडीखाली दाबले तर श्वासच आत जाईना. डोळ्यांपुढे अंधार. हात सोडले, ठेका सुरू झाला, तेव्हा श्वास आला.

मला भीती वाटतेय. साधी, लहान पोरीसारखी भीती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काकींना विचारलं. आधी टाळत होत्या. मी त्यांच्या ओट्यावर बोटं वाजवत होते, ती बघून त्यांचा चेहरा उतरला.

कारखाना एका शेठने भाड्याने घेतला होता. रामू नावाचा कारागीर ह्याच लूमवर होता. लूमची रीत अशी की बदलीवाला, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय कारागीर जागा सोडत नाही. आवाजात बोलणं होतच नाही. बदलीवाला येऊन हात लावतो, पहिला हात काढतो, बस, ड्युटी बदलली. शेठने कारखाना बंद केला तेव्हा सगळ्यांना सांगितलं, रामूला सांगायचं राहिलं. तो बदलीची वाट बघत उभाच राहिला. सापडला तेव्हा जीव गेलेला, तरी लूमला टेकून होता, हात दांड्यावर.

काकी म्हणाल्या, "आमी त्या दांड्याला कंदी हात लावला न्हाय, बाय." मग विचारलं, "तू लावलास?"

माझी बोटं ओट्यावर वाजतच राहिली. त्या रडायला लागल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कल्याणला निघाले होते. रिक्षा नाक्यापर्यंतच गेली. पुढे श्वास नाही. रिक्षावाल्याने घाबरून परत आणून सोडलं. कारखान्याच्या दारात पाय टाकला आणि छाती मोकळी झाली. ह्यापेक्षा भयंकर काही असेल का, की मला इथे बरं वाटतं?

डावा हात ठेका धरतो तेव्हा उजव्याने लिहिते. अक्षर बघवत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रियाला मेसेज केला, येऊ नकोस. तिने हसण्याची चित्रं पाठवली. ताई घाबरली, म्हणे. मी फोन करून ओरडले, शिव्या घातल्या. ती रडली. मग म्हणाली, तुला बरं नाहीये, मी येतेच.

तिला आत येऊ द्यायचं नाही. काही झालं तरी —

२१ नोव्हेंबर

काकाकाकी वज्रेश्वरीला गेले, काकींच्या माहेरी. मला सांगितलं नाही. दाराबाहेर जेवणाचा डबा ठेवून गेले. लांबूनच ठेवला असावा.

बोटं फुटलीत. काठ्या लाल —

२२

आतून कडी लावलीय. रिया आली तरी उघडणार नाही. उघडणार नाही. बदली मिळाली तर सुटेन हे मला कळतंय. ते कळतंय ह्याचीच — नको. रिया नको —

२३ नोव्हेंबर, रविवार

रिया आली.

मी कडी काढली नव्हती. कडी होती. तरी ती आत आली. मी ओरडून सांगितलं, लांब राहा, हात लावू नकोस. पण ठेक्याच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. माझी बोटं पाहून ती धावत आली. ताई, बास कर, म्हणाली असेल. ओठ हलताना दिसले. माझे हात थांबवायला तिने काठ्या घट्ट धरल्या.

मी सोडल्या. मुद्दाम नाही. मुद्दाम नाही सोडल्या.

आता मी बाहेर ओट्यावर बसलेय. अक्षर किती सरळ येतंय. ऊन पडलंय. श्वास आत जातो, बाहेर येतो. आत रिया वाजवतेय, खटक-खट, खटक-खट. जिला टाळ्या वाजवता यायच्या नाहीत तिचा एकही ठोका चुकत नाहीये. मध्येच ताई म्हणून हाक मारते.

जाते. आत जाऊन फक्त हात लावायचा, मग ती सुटेल. माझीच ड्युटी आहे ती. एवढं लिहून झालं की जाते, आईशपथ जाते, फक्त जरा हात बरे होऊ देत —